पाचशे किलोमीटर झाले की…

त्या सकाळी माझ्या हातात पेटती उदबत्ती होती आणि डोक्यात राग होता.

उदबत्ती देवापुढची नव्हती. पेटीचा भाता कुठेतरी हवा सोडत होता. चोरटी हवा शोधायची आमच्या घरची रीत साधी आहे. एका हाताने भाता दाबायचा, दुसऱ्या हाताने उदबत्ती कडेकडेने फिरवायची. धूर सरळ वर जाता जाता जिथे बिचकतो, तिथे फट. माझे बाबा अर्जुनराव मेथी-पालक पिकवतात आणि कीर्तन करतात. आमच्या धामणगाव बढ्यात त्यांना अर्जुनमहाराजच म्हणतात. गेली सहा वर्षं त्यांच्या मागे पेटीवर मी बसते. माघातला हरिनाम सप्ताह दीड महिन्यावर आला होता. भाता दुरुस्त व्हायलाच हवा होता. मी ओसरीवर श्वास रोखून धूर पाहत होते, तेवढ्यात –

भर्रर्र… फट्-फट्-फट्-फट्!

धूर बिचकला. मीही बिचकले. आवाज भिंतीपलीकडून, मनकर्णाकाकूंच्या अंगणातून येत होता. हातातली उदबत्ती तशीच घेऊन मी फाटकातून आत शिरले.

कडुनिंबाखाली काकूंची पांढरी एस्टीम उभी होती. काका गेले तेव्हापासून सहा वर्षं ती ताडपत्रीखालीच होती. काका होते तेव्हा सप्ताहाचे सगळे कीर्तनकार मलकापूर स्टेशनवरून ह्याच गाडीतून यायचे. मी लहानपणी पुढच्या सीटवर मांडीवर टाळ घेऊन बसायची. आज तिचं बॉनेट उघडं होतं आणि त्यात कुणीतरी कमरेपर्यंत बुडालेलं होतं.

"काय होऊन राह्यलं हे? माणसानं रियाज करावा का नाई?"

तो बाहेर आला. नाकावर काजळी, केसांत निंबाची वाळली पानं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग उदबत्तीकडे पाहिलं.

"ओवाळायले आल्या का?"

"आधी तोंड धुऊन या. मंग ओवाळते."

"बरं. पण उदबत्ती जरा लांब धरा. पेट्रोल हाय इथं."

मी चटकन हात मागे घेतला. तो हसला… आणि राग कुठे ठेवला होता तेच मला आठवेना.

ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या मनकर्णाकाकू म्हणाल्या, "अनुपमा, हा माह्या बहिणीचा शेखर. बुलढाण्याचा. शिकला इंजिनीअर, पण हात पाह्य त्याचे! म्या म्हटलं, गाडी उभ्या उभ्या सडून राह्यली, घेऊन जाय बापा. तं आला अन् तिचं पोटच फाडून बसला."

"पोट नाई मावशी, गळा," शेखर म्हणाला. आणि गळ्याचं नाव काढल्यावर मी कशी जाणार?

त्याने मला दाखवलं. इंजिनात जळून उरलेला धूर बाहेर नेणारा बिडाचा एक जाड तुकडा असतो, मॅनिफोल्ड. तो तडकला होता. सगळा फटफटाट त्याचाच. इतक्या जुन्या गाडीचा तसला तुकडा कुठे मिळेना. म्हणून त्याच्या जागी तो हेडर बसवणार होता. कोल्हापूरहून पार्सल आलं होतं, खोकं उघडून त्याने दोन्ही हातांनी ते उचललं. चार चकचकीत नळ्या, वळत वळत खाली गेलेल्या.

"चार सिलिंडरच्या चार नळ्या. पुढं चाराच्या दोन, मंग दोनाची एक. कोणाचा श्वास कोणाच्या आड येत नाई. गाडी मोकळा श्वास घेते."

"चार टाळकरी अन् एक ध्रुपद," माझ्या तोंडून निघून गेलं.

तो क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिला. "हाव… तसंच."

तेवढ्यात बाबाही आले. त्यांनी नळ्यांवरून हात फिरवला. "आवाज मोठा होईन का बापा? माघात सप्ताह हाय आपला."

"सायलेन्सर जुनाच ठेवतो काका. आवाज मोठा नाई होणार. मोकळा होईन."

बाबा खूश झाले. "मोठा नको, मोकळा पाहिजे… पोरीले मी रोज हेच सांगतो."

जाता जाता मी विचारलं, "किती दिवस चालणार हे?"

"तीन आठवडे हायेत माह्याजवळ. मंग पुण्याले नोकरीवर हजर व्हायचं हाय. हेडर बसलं की जातो."

हेडर बसलं की जातो. किती साधं वाक्य! तेव्हा मला ते फार सोयीचं वाटलं होतं.

*

गंजलेले नट सुटायचं नाव घेईनात. रोज संध्याकाळी त्यांवर तेल सोडायचं, सकाळी पाना लावून पाहायचा. मी भिंतीच्या अलीकडे पेटी घेऊन बसायची आणि पलीकडे पान्याची किणकिण चालायची. दोन-तीन दिवसांनी माझ्या लक्षात आलं की मी बसेपर्यंत पलीकडे सामसूमच असते.

"माह्या आधी काम सुरू करायले काय होते तुम्हाले?" मी भिंतीवरून विचारलं.

"हात लागत नाई."

"मंग पेटीनं लागते का?"

"पेटीनं लागतो," तो म्हणाला आणि नटावर वाकला. कान लाल झाले होते त्याचे. थंडीनं झाले असतील… पौषात सकाळी गारठा असतोच म्हणा.

पाचव्या दिवशी नट ज्यावर बसतो तो एक दांडा इंजिनातच तुटला, तेव्हा बसस्टँडजवळच्या वेल्डिंगवाल्या शकूरचाचांना बोलावलं. चाचांनी तुटक्या टोकाला नवा नट वेल्ड केला, लाल होईपर्यंत तापवला, मग खुशाल बिडी काढून बसले.

"चाचा, फिरवा ना आता," शेखर घाईला आला.

"सबर बेटा, सबर. जंग चढलेलं लोखंड अन् रुसलेलं माणूस, दोघायले आधी गरम होऊ द्याचं, मंग थंड होऊ द्याचं. मंग हळूच विचाराचं – येतं का?" चाचांनी पाना लावला, हळूच फिरवला आणि दांडा लोण्यातून यावा तसा बाहेर आला. "पाह्य! आला का नाई? जबरदस्ती नाई करायची." हे बोलताना ते शेखरकडे पाहत नव्हते, भिंतीवरून डोकावणाऱ्या माझ्याकडे पाहत होते. मी लगेच खाली बसले.

आणि मग तो पट्टीचा दिवस.

हेडर फार तापतं म्हणून त्याच्या नळ्यांवर काचेच्या धाग्यांची पट्टी गुंडाळतात. पट्टी पाण्यात भिजवायची आणि ताणून ताणून वळसे घ्यायचे. शेखर एकटाच धडपडत होता. एक वळसा बसवला की मागचा सुटायचा.

"थांबा. असं नाई होत ते," मी आत आले. "फेटा बांधला नाई का कधी?"

"मी कायले बांधतो फेटा?"

"मी बांधते. बाबांचा, दर कीर्तनाले. एकानं शेव धरायचा, ताणून धरायचा. दुसऱ्यानं फिरायचं."

मी टोक धरलं. तो नळी फिरवत पुढे पुढे येऊ लागला. एकेक वळसा, अर्ध्यावर अर्धा, नीट. चार हातांचं अंतर तीन हात झालं, दोन हात झालं… आणि आभाळ नसताना भुरभुर सुरू झाली. पौषातला अवकाळी शिडकावा, निंबाच्या पानांतून चाळून आल्यासारखा.

"सोडू नका," तो म्हणाला. "सोडलं तर सगळं ढिलं होईन."

"मी कोठी सोडून राह्यली?"

काकू ओट्यावरून ओरडल्या, "अरे भिजून राह्यले ना दोघं!" आम्ही दोघंही हललो नाही. पट्टी ओलीच लागते, असं शेखर म्हणाला. ते खरंही होतं. शेवटचा वळसा आला तेव्हा त्याच्या हातात आणि माझ्या हातात वीतभर पट्टी उरली होती. त्याच्या भुवईवर एक थेंब थांबला होता. तो पुसायला मला हात नव्हता, आणि त्यालाही…

दोन दिवस माझे हात चुणचुणत होते. काचेचे बारीक कण कातडीत जातात म्हणे. आई म्हणाली खोबरेल लाव. मी लावलं नाही. त्याचेही हात असेच चुणचुणत असतील, एवढंच मनात येत राहिलं.

बाबांच्या कीर्तनात विरहाचं निरूपण येतं तेव्हा बाया डोळ्यांना पदर लावतात. मी पेटीवर बसून दर वेळी मनात म्हणायची, देव तर सगळीकडे आहे, मग एवढं रडायचं कशाला? त्या दोन दिवसांत मला ते कळायला लागलं. माणूस एका भिंतीपलीकडे असतं आणि तरी आपण त्याच्या पान्याच्या आवाजासाठी कान देऊन बसतो. एकेक जोड बसत होता, आणि प्रत्येक जोडासरशी तो माझ्यापासून थोडा थोडा दूर जात होता. पांडुरंगाला मी उघड उघड सांगितलं, दुसरा एखादा दांडा तोड ना रे बाबा!

पण देवाने दांडा तोडला नाही. पाहुणे पाठवले.

*

मेहकरचे होते. मुलगा बँकेत, सोबत आई-वडील आणि मामा. मला बाबांनी आदल्या रात्रीच सांगितलं होतं. नाही म्हणायला माझ्याजवळ कारण तरी काय होतं? भिंतीपलीकडच्या माणसाने मला अजून ‘तुम्ही’ सोडून ‘तू’सुद्धा म्हटलं नव्हतं.

पाहुणे येईपर्यंत मी पेटी घेऊन बसले होते. पलीकडे शेखर हेडर चढवत होता. शेवटचं काम, आठ नट कसायचे. मी वाजवत होते आणि एकेक नट बसत होता. किर्र… किर्र… मला सगळं ऐकू येत होतं. मध्येच दारात गाडी थांबली. आई धावत आली. "ऊठ वं, पाहुणे आले! साडी बदल!" आणि सूर अर्ध्यावर टाकून मी उठले.

मुलाची आई चांगलं बोलली. पोहे आवडले, पेटीही ऐकली. मग म्हणाली, "वाजवते गोड. पण लग्नानंतर कीर्तनात अशी माणसांमध्ये बसणं… आमच्याकडं तसं चालत नाही. घरात वाजवावी हौसेनं."

बाबांनी चहाची बशी खाली ठेवली. "मंग राहू द्या, ताई. पोरगी अन् पेटी मी वेगळी देत नाई. चहा घ्या, थंडा होऊन राह्यला."

इतकंच. रागवारागवी नाही, काही नाही. मी आत जाऊन देवापुढे डोकं टेकलं आणि बराच वेळ उचललंच नाही.

पण भिंतीपलीकडे एवढं कुठे पोचलं होतं? तिथे फक्त गाडी दिसली, साडी दिसली, आणि मनकर्णाकाकूंचे शब्द ऐकू आले – चांगलं स्थळ हाय हो, बँकेतलं!

उन्हं कलताना शेखरने गाडी सुरू केली. गल्ली जमली होती. शकूरचाचा आले होते. आणि आवाज… काय सांगू! खर्जातला, भरलेला, कुठे धसमुसळेपणा नाही. जणू कुणी सहा वर्षांनी घसा मोकळा करून पहिला ‘सा’ लावला.

"मोकळा झाला रे!" बाबांनी टाळी वाजवली. चाचांनी शेखरची पाठ थोपटली.

फक्त मला त्या आवाजात आणखी काहीतरी ऐकू येत होतं. च्… च्… च्… अगदी बारीक. माझ्या भात्यासारखं. कुठेतरी हवा निसटत होती.

मी बोलणार, तेवढ्यात शेखरच म्हणाला, "झालं काम. उद्या सकाळी निघतो."

"उद्या? परवा म्हणत होते ना?"

"काम झाल्यावर थांबून काय करू?" त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. हात पुसायचं फडकं घडी करत राहिला, काळंकुट्ट फडकं, त्याची घडी! "अन्… अभिनंदन तुमचं. मेहकर चांगलं गाव हाय."

मी तोंड उघडेपर्यंत तो पाने उचलून आत गेलासुद्धा.

संध्याकाळच्या भजनात माझं लक्ष नव्हतं. सांगितलं, तर तो फट बुजवेल आणि जाईल. नाही सांगितलं, तर… तर राजूरच्या घाटात गाडी कुरकुरेल, आणि तो परत येईल! मनात असं पाप आलं खरं. पण परत नाहीच आला तर? तशीच पुण्यापर्यंत दामटली तर? तो धूर गाडीच्या आत शिरला तर? ज्याच्यासाठी मी देवाला दांडा मोडायला सांगत होते, त्याचाच श्वास… मी टाळ खाली ठेवला. मला जे हवं होतं ते तसं चोरून नको होतं.

*

सकाळी मी उदबत्ती पेटवली आणि फाटकातून आत गेले. तो डिकीत बॅग ठेवत होता.

"ओवाळायले आल्या?" त्याने विचारलं. पहिल्या दिवशीचेच शब्द, पण हसू नव्हतं.

"हाव. गाडी सुरू करा. अन् मनकर्णाकाकू, तुम्ही ओलं पोतं घेऊन सायलेन्सरचं तोंड दाबून धरा. मंग हवा फटीतूनच निघीन."

"माय वं! माह्या म्हातारपणी हे काय काम काढलं पोरी?" काकू म्हणाल्या, पण पोतं घेऊन गाडीमागे बसल्या.

इंजिन रात्रभर थंड झालेलं. ते सुरू झालं. मी वाकून उदबत्ती जोडाच्या कडेने फिरवू लागले. पहिली नळी, धूर सरळ वर. दुसरी, सरळ. तिसरी, सरळ. चौथ्या नळीच्या खालच्या कोपऱ्यात धूर बिचकला. मग थरथरला. मग फू करून कुणी फुंकल्यासारखा उडाला.

"इथं हाय."

शेखरने इंजिन बंद केलं, पाना न घेताच हात खाली घातला. त्याचा चेहरा बदलला. "हा तं… बोटानं फिरून राह्यला."

"सात कसले अन् आठवा नुस्ता लावून ठेवला?"

तो नट बोटाने फिरवत राहिला. निंबावर एक भोरडी ओरडत होती.

"इंजिनीअर ना तुम्ही?" मी म्हटलं. "असा कसा राह्यला?"

"पेटी थांबली होती."

"काय?"

"पेटीवर कसत होतो मी नट. रोजच्यासारखे. एक आवर्तन, एक नट. सात झाले अन् पेटी थांबली. दारात गाडी दिसली. मंग… मंग मले कळलंच नाई माह्या हातानं पुढं काय केलं." त्याने पाना उचलला, पण तो अजून खाली इंजिनाकडेच पाहत होता. "वाटलं होतं, आठही झाले."

मला पहिल्यांदा कळलं की माणसाला हसू आणि रडू एकाच दारातून येऊ शकतं.

"पाहुण्यायले बाबांनी परत पाठवलं," मी म्हटलं.

"हं?"

"काल. तेव्हाच. म्हणाले, पोरगी अन् पेटी वेगळी देत नाई."

त्याच्या हातातला पाना निसटून हेडरवर आदळला. टण्ण! चांगला काळी चारमधला सूर निघाला.

"मंग तू मले सांगितलं काऊन नाई?" तो म्हणाला.

तू. कितीतरी दिवस भिंतीशी कान लावून ज्याची वाट पाहिली, तो एवढासा शब्द!

"तू विचारलं कोठी? अभिनंदन करून मोकळा झाला!"

"अनुपमा, मले बोलता येत नाई नीट. पण एक सांगतो… पुण्याची नोकरी मी तीन वर्षं मागत होतो. ती भेटली अन् इथं आलो, अन् आता रोज वाटते, हेडर बसूच नये."

"मी तं देवाले दांडा तोडायले सांगितलं होतं," मी म्हटलं आणि जीभ चावली.

"कायचा दांडा तोडून राह्यले रे?" गाडीमागून काकूंचा आवाज आला. "अन् इंजिन बंद झालं का? मंग मी काऊन पोतं धरून बसली इथं?"

आम्ही दोघं बॉनेटखाली तोंड लपवून हसलो. इतक्या जवळून, की त्याच्या भुवईवर, त्या थेंबाच्या जागी लागलेली काजळी मी शेवटी पुसली. आता हात मोकळा होता.

आठवा नट त्याने माझ्याकडून कसवून घेतला. "हळू. जास्त जोर नको, दांडा तुटते. हाताले ‘बस’ वाटलं की थांबायचं."

मृदंगाचा सूर चढवताना बाबांच्या साथीचे गोकुळदादा असंच म्हणतात. मी डोळे मिटून फिरवलं. बस वाटलं. थांबले.

"सोमवारी हजर नाई झालो तर नोकरी जाईन," तो हलक्या आवाजात म्हणाला.

"जाय. पण येशीन ना?"

"यावंच लागते." त्याने गाडीत बसून किलोमीटरचा छोटा आकडा शून्यावर आणला. "नवीन हेडर तापते, थंड होते, तापते, थंड होते. पाचशे किलोमीटर झाले की नट परत कसावे लागतात. नियमच हाय."

"पुण्यात गॅरेजं नाईत का?"

"लय हायेत. पण आठवा नट तुह्या हातचा हाय. त्याले दुसऱ्याचा हात कसा लागू देऊ?"

गाडी गल्लीतून वळली. मी कान देऊन उभी राहिले. च्… नव्हतं. मोकळा, स्वच्छ आवाज मोताळ्याच्या रस्त्याला लागला, लांब लांब गेला, हरभऱ्याच्या शेतांवरून विरत विरत… आणि मग नुसता वारा.

*

त्या संध्याकाळी फोनवर एक फोटो आला. आकडा, ४०८. खाली काही लिहिलेलं नव्हतं.

मग सुरू झाली वाट. कंपनीची बस दारात येते, त्यामुळे गाडी रविवारीच निघायची. ४१५. "भाजी आणायले गेलो होतो. मेथी तुमच्यासारखी नाई." दुसऱ्या रविवारी ४३१. "कीर्तन ऐकायले आळंदीले गेलो. पेटीवर एक म्हातारेबुवा होते. चांगले वाजवत होते. पण हात लागला नाई."

रात्री अंथरुणावर मी पाचशेतून चारशे एकतीस वजा करायची. उत्तर तेच यायचं. तरी रोज करायची.

एकदा मेथीच्या जुड्या बांधता बांधता बाबांनी खाली मान घालूनच विचारलं, "किती झाले?"

माझ्या हातातली जुडी सुटली. "काय… काय किती?"

"किलोमीटर. मनकर्णाबाईनं सांगितलं मले."

"चारशे एकतीस," मी कशीबशी म्हटलं.

"गाडी हाय का बैलबंडी?" बाबा म्हणाले आणि जुडी बांधत राहिले. जरा वेळाने म्हणाले, "पोरगं बरं हाय. आठवा नट विसरलं, ते कोणाले दोष न देता सांगितलं. पण मागायले त्यानंच यावं लागीन. मी विचारायले जाणार नाई."

तिसऱ्या रविवारी ४६९. आणि मग काहीच नाही. पुढचा रविवारही कोराच गेला. सप्ताह सुरू झाला होता, मंडप भरला होता, रोज पहाटे काकडा, दुपारी भजन. मी वाजवत होते आणि सांधलेला भाता ओढता ओढता मला वाटायचं, ही पेटी तरी बरी. हवा आत घेते, सूर देते, रिकामी होते, पुन्हा घेते. मी नुसती घेऊन बसले आहे.

काल्याचा दिवस उजाडला. सकाळी दहाला बाबा फेटा बांधून उभे राहिले. फेटा मीच बांधला, शेव धरायला मनकर्णाकाकू होत्या. बाबांनी विरहाचंच निरूपण घेतलं. म्हणाले, "मायबाप हो, देव एकदम नाई येत. आधी त्याच्या येण्याची चाहूल येते. ती कोणाले ऐकू येते? ज्यानं कान तिकडंच लावून ठेवला, त्याले!"

आणि माझ्या कानाला ऐकू आलं.

मंडपात टाळ होते, मृदंग होता, लाऊडस्पीकर होता. तरी ऐकू आलं. मोताळ्याच्या रस्त्यावरून, हरभऱ्याच्या शेतांवरून… खर्जातलं, मोकळं. जवळ येत होतं. च्… नव्हतं. एक कण नव्हता. पण या वेळी मी पेटी थांबवली नाही. मागच्या वेळी थांबले तेव्हा काय झालं, ते मला ठाऊक होतं. उलट भाता भरून ओढला आणि सूर एवढा चढवला की गोकुळदादांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. बाबांनीही मागे वळून पाहिलं. मिशीत हसले, आणि गजर धरला.

तो मंडपाच्या टोकाला, माणसांच्या मागे येऊन बसला. चुरगळलेला शर्ट, तांबारलेले डोळे, आणि खिशातून डोकावणारा पाना.

हंडी फुटली. दही-लाह्यांचा काला वाटत मी रांगेने पुढे सरकत होते. त्याच्या ओंजळीपाशी आले.

"ह्या रविवारी फोटो नाई पाठवला," मी खालच्या आवाजात म्हटलं.

"सुट्टी भेटते का नाई ते ठरत नव्हतं. खोटी आशा कायले लावू तुले?"

"पाचशे झाले?"

"पाचशे तं पुण्याबाहेर शिक्रापुरातच झाले होते. पुढचे सारे तसेच आलो." त्याने काला कपाळाला लावला, मग खाल्ला.

बाबा फेटा सोडत आमच्यापाशी आले. शेखर उठून त्यांच्या पाया पडला.

"रामकृष्णहरी. काऊन आले बापा एवढ्या लांब?"

"नट कसायले, काका."

"किती हायेत?"

"आठ."

"बस? आठ नटांसाठी चारशे किलोमीटर?"

शेखरने माझ्याकडे पाहिलं. मग बाबांकडे. शकूरचाचांनी शिकवल्यासारखं, अजिबात जोर न लावता, हळूच विचारलं, "अन् एक मागणं हाय. पेटी अन् पोरगी… दोन्ही. वेगळी नको. पुण्यालेही कीर्तनं होतात काका, अन् सप्ताहाले दर वर्षी मी स्वतः घेऊन येईन, ह्याच गाडीत."

मनकर्णाकाकूंनी पदराचं टोक तोंडात धरलं होतं. मग बाबांनी सोडलेला फेटा हातात गोळा केला आणि त्याचा शेव शेखरच्या हातात दिला.

"धर. घडी करू लाग. अन् जेवून जाय, काल्याची पंगत हाय." पुढे जाता जाता वळून म्हणाले, "बुलढाण्याले तुह्या बाबांना सांग, रविवारी आम्ही येतो."

पंगत बसायच्या आधी आम्ही कडुनिंबाखाली गाडीपाशी गेलो. त्याने बॉनेट उघडलं, पाना घेऊन हेडरजवळ हात नेला आणि चटका बसून मागे घेतला.

"थंड झाल्याबिगर कसता येत नाई," तो म्हणाला. "दोन तास तरी लागतीन."

त्याने बॉनेट मिटलं; मी त्यावर तळहात ठेवून पाहिला. आतून इंजिन टिक… टिक… करत निवत होतं, पुण्यापासूनचा सगळा रस्ता अजून अंगात घेऊन.

"लागू दे," मी म्हटलं, आणि ओट्यावर त्याच्या शेजारी बसले.